सर्व पातळ्यांवर

मंगळवार, ४ मार्च

मॅन्युअलच्या शेवटच्या पानावर ‘सूचना व शंका’ असं लिहून जो ईमेलचा पत्ता छापलेला असतो, तो माझा. तिथे वर्षाकाठी पाच-सहा पत्रं येतात, त्यातली निम्मी शुद्धलेखनाची असतात. आज आलेलं पत्र तसं नव्हतं.

लिहिणारी बाई लिफ्टचे कंट्रोलर बनवणाऱ्या कंपनीत प्रोग्रॅम लिहिते आणि तो मशीनच्या भाषेत उतरवायला आमचा कंपायलर वापरते. पत्र तिच्या घरच्या ईमेलवरून आलं आहे. भाषा अगदी शांत. पान दोनशे बारावरचं माझं वाक्य तिने जसंच्या तसं उतरवलं आहे. ओव्हरफ्लो तपासण्याचा ऑप्शन दिला, की एखादा आकडा त्याच्या जागेत मावेनासा झाल्याबरोबर प्रोग्रॅम जागीच थांबतो आणि ‘ही तपासणी ऑप्टिमायझेशनच्या सर्व पातळ्यांवर चालू राहते’. ऑप्टिमायझेशन म्हणजे प्रोग्रॅम वेगवान करणं, पातळी जितकी वरची तितका वेग जास्त. तिच्याकडे ती तपासणी चालू राहिली नाही.

लिफ्ट कुठवर आली हे चाकाचे फेरे मोजून कळतं. ही इमारत त्यांच्या आधीच्या इमारतींपेक्षा उंच. वरच्या मजल्यांवर आकडा मर्यादेबाहेर गेला. अशा वेळी लिफ्ट जागीच थांबायला हवी होती, कारण तो ऑप्शन त्यासाठीच दिला होता. पण आकडा उलटा फिरून उणे झाला, आणि लिफ्ट अकराव्या मजल्याच्या दीड फूट खाली थांबून दार उघडून मोकळी झाली. आत एक निवृत्त पोस्टमन होते, वय शहात्तर. ते समोर बघत बाहेर पडायला गेले आणि अडखळून पडले. खुब्याचं हाड मोडलं. ही सतरा फेब्रुवारीची गोष्ट.

बाईला कामावरून तात्पुरतं दूर केलं आहे. चौकशी बसली आहे. शेवटी तिने एक विनंती केली आहे. तीन वर्षांपूर्वी तिने मला नेमकी हीच शंका विचारली होती म्हणे, आणि मी उत्तरही दिलं होतं. ऑफिसचं ईमेल खातं बंद केल्यामुळे ते तिला आता दिसत नाही. माझ्याकडे असेल तर पाठवाल का?

मला असं काही आठवत नाही.

पान दोनशे बारा उघडून पाहिलं. वाक्य माझंच. चांगलं वाक्य आहे, वाचताना कुठे अडखळायला होत नाही.

बुधवार, ५ मार्च

सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या अकरा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. एक आकडा, त्यात एकेक मिळवत जायचं, मावेनासा झाला की थांबायचं. ऑप्शन दिला. पातळी शून्यवर थांबला. एकवर थांबला. पातळी दोनवर थांबला नाही. बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढे निमूटपणे उणे आकडे छापत सुटला. मशीन बदलून पाहिलं, तिथेही तेच.

चहा घेऊन आलो आणि परत एकदा चालवला. जणू माझ्या चहा पिण्याने कंपायलरला सुबुद्धी होणार होती.

संध्याकाळी ही विचारत होती, चेहरा असा का. ही पुढच्या खोलीत शिवणकाम करते, म्हणून तिला तिच्याच मशीनवर समजावलं. म्हटलं, समज तुझ्या मशीनला एक बटण आहे, दोरा तुटला की मशीन आपोआप थांबवणारं. पुस्तकात लिहिलंय की कितीही वेगाने चालवा, बटण काम करतं. पण वेग वाढवला की ते बटण गुपचूप बंद होतं, कारण मशीनला वाटतं, दोरा काही तुटायचा नाही, मग बघत बसायला वेळ कशाला घालवा.

हिने टाचणी तोंडातून काढून विचारलं, “मग पुस्तकात तसं कोणी लिहिलं?”

मी म्हटलं, बऱ्याच जणांचं काम असतं ते.

गुरुवार, ६ मार्च

ते पत्र सापडलं.

तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. तिने अकरा वाजून दोन मिनिटांनी विचारलं होतं: सर्व पातळ्यांवर म्हणजे दोन आणि तीनवरसुद्धा का, कारण आम्ही लिफ्टसाठी वापरणार आहोत, खात्री हवी आहे. माझं उत्तर अकरा वाजून सहा मिनिटांचं: ‘होय, सर्व पातळ्यांवर. मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट नमूद केलं आहे. कृपया पान २१२ पाहावे.’

चार मिनिटं. त्यातलं निदान एक मिनिट पानाचा नंबर शोधण्यात गेलं असेल.

मॅन्युअल मी लिहिलेलं. मॅन्युअलबद्दल शंका आली, तर मी पुरावा म्हणून दाखवलं तेच मॅन्युअल. तेव्हा यात काही वावगं वाटलं नव्हतं.

साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं आणि सगळं ऐकलं. माणूस वाईट नाही. म्हणाले, प्रकरण चौकशीत आहे, आपण एक अक्षर लिहायचं नाही, वकिलांना विचारू. शिवाय लिफ्ट मजल्याला लागल्याशिवाय दार उघडू न देणारा जो वेगळा सेन्सर असतो तो त्या आठवड्यात मेकॅनिकने तात्पुरता बंद ठेवला होता असं त्यांनी कुठूनतरी ऐकलंय. म्हणजे दोष एकट्या आपल्या वाक्याचा नाही.

हे ऐकून मला जितकं बरं वाटलं, तितकं वाटायला नको होतं.

शुक्रवार, ७ मार्च

आज एक काम मात्र नीट केलं. वेबसाइटवरच्या मॅन्युअलमधलं ते वाक्य दुरुस्त केलं. आता तिथे असं आहे: ‘पातळी दोन व त्यापुढे ही तपासणी वगळली जाऊ शकते, सुरक्षेसाठी या ऑप्शनवर विसंबून राहू नये.’ साहेबांना विचारलं तर लगेच हो म्हणाले. जितक्या लवकर तितकं बरं, म्हणाले. बदलाच्या यादीत नोंद करू का असं विचारलं, तर म्हणाले, पुढच्या आवृत्तीला सगळे बदल एकदमच नोंदवू.

निदान आता दुसरं कोणी फसणार नाही. कालपासून छातीवर धोंडा होता, तो जरा हलका झाला. घरी येताना दोन स्टॉप आधी उतरून चालत आलो.

रविवार, ९ मार्च

मास्तरांकडे गेलो होतो. कंपायलरचा मूळ गाभा त्यांनी लिहिला. आम्ही सगळे त्यांना मास्तर म्हणतो, त्यांनी आयुष्यात कधी शाळेत शिकवलं नाही तरी. सात वर्षांपूर्वी निवृत्त झाले. आता बाल्कनीत कुंड्या लावतात आणि प्रत्येक कुंडीवर तारीख घालून चिठ्ठी चिकटवतात.

जाताना मनात राग होता. ‘सर्व पातळ्यांवर’ हे शब्द त्यांचेच. कँटीनमध्ये मी विचारलं होतं आणि त्यांनी बशीतला चहा संपवत मान हलवली होती. मी जन्मभर त्यांच्या ओंजळीने पाणी प्यायलो. असा माणूस चुकीचं सांगेल असं वाटलंच नव्हतं.

मास्तरांनी ऐकून घेतलं. म्हणाले, मी सांगितलं तेव्हा ते खरं होतं. मग मी गेलो आणि नवीन पोरांनी पातळी दोन नव्याने लिहिली, तिचा वेग दुप्पट केला. त्यात ती तपासणी गेली असणार. कोणी मुद्दाम काढली नसेल. कंपायलरला वाटतं, असा आकडा यायचाच नाही, म्हणून तो तपासत नाही.

मी म्हटलं, मग मला कोणी सांगायला नको?

ते चिठ्ठीवर फुंकर मारून डिंक वाळवत होते. “तू मला विचारलंस,” ते म्हणाले. “कंपायलरला विचारलं नाहीस. तो तर तुझ्याच टेबलावर होता.”

चहा न घेताच निघालो. म्हातारपणी माणसं तुसडी होतात.

गुरुवार, १३ मार्च

तिचं दुसरं पत्र. तीनच ओळी. चौकशीची बैठक एकवीस तारखेला आहे. माझं जुनं उत्तर मिळालं तर उपकार होतील. नाही मिळालं तर निदान पान दोनशे बारावर असं वाक्य आहे एवढं तरी ती समितीला वेबसाइटवर दाखवेल.

साहेबांकडे गेलो. वकिलांचं उत्तर अजून आलेलं नाही. म्हणाले, एकवीसला अजून आठवडा आहे, घाई करू नका.

खालच्या मजल्यावर जाऊन उत्तराचा मसुदा लिहिला. सात वेळा लिहिला. पहिला एक पान होता, सातवा दोन ओळींचा. पाठवला नाही.

तिच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीकडे मी नीट लक्ष दिलं नाही. हे मी आज लिहीत नाहीये, बावीस तारखेला या पानाच्या समासात लिहितोय.

बुधवार, १९ मार्च

वकिलांचं उत्तर नाही.

घरी एक गिऱ्हाईक बाई आल्या होत्या. म्हणत होत्या, जुनंच माप धरा, वर्षभरात काय फरक पडणार. हिने टेप काढून माप घेतलंच. छाती, कंबर, बाही, सगळं. बाई कुरकुरत होत्या. कंबर तीन इंच वाढलेली निघाली आणि दोघी हसायला लागल्या.

मी आतल्या खोलीत पेपर वाचत होतो. ही नंतर म्हणाली, चला जेवायला. गॅस बंद केलाय का पाहिलंत? मी म्हटलं, हो. ही तरीही स्वयंपाकघरात जाऊन पाहून आली. म्हटलं, मी हो म्हणालो ना. “तुमचं हो ऐकलं म्हणूनच गेले,” म्हणाली. बायकांना कशाची शंका येईल सांगता येत नाही.

शनिवार, २२ मार्च



बैठक काल झाली. तिचं पत्र आज सकाळी आलं. तिने समितीला सांगितलं की मॅन्युअलमध्ये असं असं लिहिलं आहे. अध्यक्षांनी समोरच्या स्क्रीनवर पान उघडायला लावलं. पानावर माझं नवीन वाक्य होतं. ‘सुरक्षेसाठी या ऑप्शनवर विसंबून राहू नये.’

सगळ्यांनी ते वाचलं. मग तिला विचारलं, इतकं स्पष्ट लिहिलेलं तुम्ही वाचलं नव्हतं का? ती म्हणाली, हे आधी असं नव्हतं. त्यावर एक जण हसला म्हणे. बदलाची तारीख कुठे आहे, असं विचारलं. तारीख नव्हती. आमच्या साइटवर पानाखाली तारीख असते फक्त आवृत्तीची, आणि आवृत्ती तीच होती.

निष्कर्ष काढायला त्यांना पंधरा मिनिटं पुरली. मॅन्युअलमधली स्पष्ट सूचना दुर्लक्षित केली. नोकरी गेली. वर तिच्या नावावर शेरा आला, की सुरक्षेशी संबंधित कामावर हिला घेऊ नये.

पत्रात तिने मला एकही कडू शब्द लिहिलेला नाही. फक्त विचारलं आहे: ‘ते पान आधी तसं नव्हतं ना? मला वेड लागलेलं नाही एवढंच कोणीतरी सांगावं असं वाटतं.’

रविवार, २३ मार्च

दिवसभर घरीच. काही लिहिण्यासारखं नाही.

बुधवार, २६ मार्च

हिला सगळं सांगितलं. पहिल्यापासून. वाक्य कोणी लिहिलं तेही.

ही शिवत होती. ऐकता ऐकता पायाची गती कमी झाली आणि मग मशीन थांबलं. मी साहेबांचं सांगितलं, वकिलांचं सांगितलं, मेकॅनिकने सेन्सर बंद ठेवल्याचं सांगितलं, मास्तर कसे तोडून बोलले तेही सांगितलं. वाक्य मी दुरुस्त केलं ते चांगल्या हेतूने, दुसऱ्या कोणाचं नुकसान होऊ नये म्हणून, हे दोनदा सांगितलं.

ही म्हणाली, “अहो, तिने तुमच्याकडे तुमचंच पत्र मागितलं होतं. दुसऱ्या कोणाचं नाही. ते द्यायला वकील कशाला लागतो?”

मी म्हटलं, नोकरी जाऊ शकते माझी.

“तिची गेली ना,” ही म्हणाली, आणि मशीन परत सुरू केलं.

मला वाटलं होतं, ही माझी बाजू घेईल. एकदा तरी म्हणेल की तुमचा काय दोष. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, अजून हिचा अंदाज येत नाही.

गुरुवार, २७ मार्च

पाठवलं.

कपाटातून तिसरी छापील आवृत्ती काढली, पान दोनशे बाराचा फोटो घेतला. तीन वर्षांपूर्वीचं तिचं पत्र आणि माझं उत्तर, वेळेसकट. सात मार्चला मी स्वतः वाक्य बदलल्याची सिस्टिममध्ये आपोआप पडलेली नोंद. आणि एक पान माझं. त्यात लिहिलं, की वाक्य मी लिहिलं, कधीही चालवून पाहिलं नाही, शंका विचारली तेव्हाही पाहिलं नाही, आणि बदललं तेव्हा बदलाच्या यादीत नोंद केली नाही. तिला पाठवलं, तिच्या समितीच्या अध्यक्षांना पाठवलं, आणि एक प्रत साहेबांना.

वरातीमागून घोडं. माहीत आहे.

साहेब पाच मिनिटांत खाली आले. ओरडले नाहीत. माझ्या टेबलाच्या कडेवर बसले आणि म्हणाले, तुम्ही मला विचारलं असतं तर मी नाही म्हणालो असतो, म्हणून विचारलं नाहीत ना? मी म्हटलं, हो. ते म्हणाले, मला यादी हवी आहे, या मॅन्युअलमध्ये अशी अजून किती वाक्यं आहेत.

चारशे सहा ऑप्शन आहेत. मी स्वतः चालवून पाहिलेले किती, ते मोजायला बसलो. आठवून आठवून एकोणतीस भरले.

मंगळवार, ८ एप्रिल

मला एक ‘खुलासा द्यावा’ असं पत्र मिळालं होतं. मी खुलासा दिला. काल फाइल बंद झाली. पगार तोच, टेबल तेच. पानाच्या तळाशी आता बदलाची तारीख येते, तेवढा एक नियम झाला. पोरं येता-जाता जरा जपून बोलतात, आणि नवीन काही विचारायचं असलं की माझ्याऐवजी एकमेकांना विचारतात.

मला काहीच झालं नाही. शिक्षा झाली असती तर बरं झालं असतं असं लोक म्हणतात, ते मला पूर्वी नाटकी वाटायचं.

तिचं कळलं. लिफ्टच्या कंपनीने शेरा मागे घेतला. ‘नव्याने उपलब्ध झालेल्या माहितीच्या आधारे’ असे शब्द आहेत म्हणे. पण नोकरी परत नाही, कारण तिच्या जागेवर माणूस घेऊन झाला. तो एक तारखेपासून कामावर आहे. मी तेरा मार्चला पाठवलं असतं, तर जागा रिकामी होती. वीस तारखेला पाठवलं असतं, तरी होती.

शनिवार, १२ एप्रिल

तिला भेटलो. मीच विचारलं होतं, ती दोन दिवसांनी हो म्हणाली. वाचनालयाच्या बाहेर बाक आहेत तिथे. मी मनात एक उंच, कडक बाई धरून चाललो होतो. आली ती बुटकी, चष्म्याची काडी टेपने चिकटवलेली, हातात छत्री. सध्या भावाच्या छापखान्यात बसते. लग्नपत्रिकांची प्रुफं तपासते. म्हणाली, तिथे निदान चूक छापून झाल्यावर लगेच दिसते.

मी माफी मागितली. घरून ठरवून गेलो होतो, पण शब्द फार निघाले. हेतू, कामाचा व्याप, त्या वेळची परिस्थिती. तिने मध्येच थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाली:

“तुम्ही मला तेव्हा ‘माहीत नाही’ असं लिहिलं असतं ना, तर मी चालवून पाहिलं असतं. अर्धा तास लागला असता. मी तसं विचारलं होतं तेच त्यासाठी. तुम्ही इतकं ठाम लिहिलंत, की मला आपण उगाच शंका काढतोय असं वाटून लाज वाटली.”

मी म्हटलं, चूक माझी होती, तुमची नाही.

ती छत्रीच्या टोकाने जमिनीवर रेघा ओढत होती. म्हणाली, चालवून तर मीही पाहिलं नाही. लिफ्टमध्ये माणसं बसणार हे मला माहीत होतं, तुम्हाला फक्त मी एका ओळीत कळवलं होतं. म्हणून ती त्या पोस्टमन आजोबांकडे गेली होती. दवाखान्यात एकदा, घरी दोनदा. कंपायलर काय असतो ते सांगत बसली नाही. माझी चूक झाली, एवढंच म्हणाली.

मी परत म्हटलं, पण मूळ चूक माझी.

“मग तुम्ही जाऊन सांगा,” ती म्हणाली. रागाने नाही. पत्ता सांगावा तसं.

मग खरोखरच पत्ता सांगितला.

रविवार, २० एप्रिल

गेलो होतो. त्या इमारतीपर्यंत गेलो. खाली दोन लिफ्ट आहेत, दोन्ही चालू. लोक येत होते, बटण दाबत होते, आत जात होते, कोणाच्या मनात काही नाही. मी जिन्याने निघालो. सातव्या मजल्यावर दम लागला. कठड्याला धरून उभा राहिलो, एक मुलगी सायकलचं हेल्मेट घालून वरून खाली धावत गेली. तिथून परत फिरलो.

घरी येऊन सांगितलं, दार बंद होतं.

रविवार, २७ एप्रिल

आज अकरा मजले चढलो. मध्ये दोनदा बसलो.

दार त्यांच्या सुनेने उघडलं. मी कोण ते सांगेपर्यंत आतून आवाज आला, कोण आहे गं? आजोबा खुर्चीत होते, मांडीवर चादर, बाजूला चार पायांची काठी. मी दाखवलेल्या खुर्चीवर बसलो नाही, उभ्यानेच सांगितलं. लिफ्टच्या यंत्रणेसाठी जे पुस्तक वापरलं, त्यात मी एक वाक्य चुकीचं लिहिलं. तपासून पाहिलं नाही. मला विचारलं तेव्हाही पाहिलं नाही. त्यामुळे तुम्ही पडलात.

त्यांनी कानामागे हात धरून ऐकलं. मग म्हणाले, “तुम्ही तिसरे. आधी त्या बाई येऊन म्हणाल्या चूक माझी. मग मेकॅनिक येऊन रडला, म्हणाला चूक माझी. आता तुम्ही. एका पायाला तीन जण म्हणजे फार झाले.”

सून हसली, मग तिचे डोळे भरले आणि ती आत गेली. मला हसावं की काय करावं कळेना.

आजोबा बोलायला लागले. चाळीस वर्षं पत्रं वाटली. त्या काळी लिफ्ट कुठे होत्या. असल्या तरी पोस्टमनला त्या वापरायची परवानगी नसे. दिवसाला साठ जिने. पायांवर भारी गर्व होता, म्हणाले. आता दोन महिने या खोलीतून त्या खोलीत. डॉक्टर म्हणतात चाला, खाली जा, उन्हात बसा. पण लिफ्टच्या दारापर्यंत जातात आणि परत येतात. सून म्हणते मी आहे, मुलगा म्हणतो मी धरतो. तरी नाही.

मग त्यांनी विचारलं, “तुम्ही वर कसे आलात?”

म्हटलं, जिन्याने.

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. घाम अजून सुकला नव्हता.

“म्हणजे तुम्हीही घाबरता,” ते म्हणाले. मग काठी ओढून घेतली आणि सुनेला हाक मारून चपला मागितल्या.

ती धावत बाहेर आली. आम्ही तिघं लिफ्टपाशी गेलो. दारापर्यंतची वीस पावलं चालायला पाच मिनिटं लागली. लिफ्ट आली. सून आधी आत गेली, तिने दार धरलं. आजोबा थांबले, फटीकडे पाहिलं, काठी आत टेकवली आणि आत आले. मी शेवटी. मी दारावरच्या आकड्यांकडे बघत होतो, दहा, नऊ, आठ. मला त्यातल्या एकाचाही भरवसा वाटत नव्हता.

तळमजल्यावर दार उघडलं. बाहेर ऊन होतं, बाकावर दोन बायका पालेभाजी निवडत बसल्या होत्या. आजोबा हलले नाहीत.

“तुम्ही आधी उतरा,” ते मला म्हणाले.

मी उतरलो. वळून हात पुढे केला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, पण तो धरला नाही. काठी बाहेर काढली, फरशीवर एकदा टेकवली. मग जरा पुढे, परत एकदा. मग डावीकडे. आत लिफ्टचं दार बंद व्हायला बघत होतं, सून बटण दाबून उभी होती. मी हात तसाच धरून उभा राहिलो, आणि ते जमीन तपासत राहिले.